कच्चं काम, कच्चं बिल

देपालपुरात मोटारसायकल दुरुस्तीला टाकली की ती दोनदा दुरुस्त होते. आधी मिस्त्रीच्या तोंडात आणि मग, वेळ उरलाच तर, प्रत्यक्षात. पहिल्या दुरुस्तीला पाच मिनिटं पुरतात. मागचं चाक फिरवून, सायलेन्सरकडे कान करून, गुटखा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवून मिस्त्री जे निदान सांगतो ते इतकं ठाम असतं, की गाडी तिथल्या तिथे बरी झाली असं वाटतं. "छोड़ जाओ भिया, शाम तक टनाटन." आपण सोडून जातो. संध्याकाळी गाडी त्याच जागी, त्याच कोनात उभी असते. फरक एकच, ती धुतलेली असते.

धुणं ही आपल्याकडच्या सर्व्हिसिंगमधली सगळ्यात प्रामाणिक पायरी म्हणायला हवी, कारण ते केलं की दिसतं. बाकीचं सगळं झाकणाच्या आत. ब्रेक शू बदलले की पॉलिश पेपरनं घासून परत बसवले, एअर फिल्टर नवा घातला की जुन्यालाच हवा मारली, ऑइल ओतलं ते सीलबंद डब्यातलं की कोपऱ्यातल्या ड्रममधलं, हे कळायला गाडी पुन्हा उघडावी लागते. आणि उघडणारा पुन्हा तोच. चकाकत्या टाकीवरून हात फिरवून आपण पैसे मोजतो आणि इंदूरच्या रस्त्याला लागतो. हातोदच्या अलीकडे कुठेतरी पहिला खड्डा येतो आणि जुना आवाज ओळख दाखवतो.

दुसऱ्या दिवशीचा संवाद सगळ्यांना पाठ आहे.

"आवाज अजून येतोच आहे."

"वो वाला गया. ये दूसरा है."

"कालही हाच होता."

"भिया, वो बड़ा वाला था, ये उसके नीचे दबा हुआ था. बड़ा निकाला तो छोटा सुनाई दे रहा."

यावर काय बोलणार? मिस्त्रीचं म्हणणं असं, की दिलेल्या पैशात एक आवाज गेला आणि दुसरा शोधून मिळाला, तोही फुकट. माळव्यातला मराठी माणूस भांडतो हिंदीत आणि हळहळतो मराठीत. त्यामुळे गॅरेजात तो "ऐसा नहीं चलेगा" एवढंच म्हणतो आणि उरलेलं भाषण रात्री घरी करतो. बायको विचारते, "त्याला का नाही सांगितलंत हे?" त्या प्रश्नावर जेवण संपतं.

आता गंमत बघा. याच देपालपूरपासून तासाभराच्या अंतरावर, धार जिल्ह्यातल्या पीथमपुरात, गाड्या तपासण्याची सरकारी संस्था आहे, नॅट्रॅक्स. तिथल्या ११.३ किलोमीटर लांबीच्या हायस्पीड ट्रॅकचं उद्घाटन २९ जून २०२१ ला झालं, तेव्हाचे अवजड उद्योगमंत्री आणि आपले पुणेकर प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते. आशियातला सर्वांत लांब ट्रॅक म्हणून तेव्हा पेपरांत फोटो आले होते. चार लेन, आणि वळणावरही ताशी २५० किलोमीटरचा वेग पेलावा अशी रचना. त्याच्याही आधीपासून पीथमपूर गाड्यांचंच गाव. बजाज टेम्पो तिथे, आयशरचे ट्रक तिथे. फिरोदियांची कायनेटिक होंडा तिथेच जन्मली. पुण्यातल्या कितीतरी काकवा ज्या स्कूटरवरून पहिल्यांदा एकट्या लक्ष्मी रोडला गेल्या, ती मुळात माळव्याची लेक. म्हणजे गाडी बनवायची अक्कल या मुलखात आहे, ती पळवून मोजायची यंत्रं आहेत. बिघडलेल्या गाडीचं काय केलं हे लिहायला मात्र चार बोटं रुंदीचा कागद नाही.

कागदच नाही असं म्हटलं तर मिस्त्रीवर अन्याय होईल. कागद आहे. गल्ल्याखाली, तेलकट फडक्यात गुंडाळलेली एक लांबट वही आहे. तिच्यात तारीख आहे, नाव आहे, गाडीचा नंबर आहे, बापाचंही नाव आहे, आणि पुढे आकडा. ती उधारीची वही. तीन वर्षांपूर्वीच्या पंक्चरचे बाकी राहिलेले पैसे त्या वहीतून आजही जसेच्या तसे निघतात. लिहिता येत नाही, वेळ नाही, धंद्यात लिहापढी कोण करतो, या सगळ्या सबबी त्या एका वहीपुढे गळून पडतात. मिस्त्री उत्तम लिहितो. तो फक्त आपलं येणं लिहितो, आपलं देणं लिहीत नाही.

आता बिल मागून बघा. बिलाचं नाव काढलं की गॅरेजातला पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटतो. "बिल चाहिए तो अठरा टका ऊपर से लगेगा, देख लो." आपण देखतो आणि मुकाट्यानं कच्ची चिठ्ठीही न घेता घरी जातो. या धमकीतली मेख मोठी मजेदार आहे. फक्त सेवा देणाऱ्या छोट्या व्यावसायिकाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटीची नोंदणी सहसा बंधनकारक नसते. आणि ज्याची नोंदणीच नाही त्याला ग्राहकाकडून जीएसटी घेताच येत नाही. घेतला तर तो गुन्ह्यात जमा. उलट नोंदणी असेल, तर बिल देणं ही मेहेरबानी नव्हे, तो नियमच. म्हणजे दोन्ही बाजूंनी "ऊपर से अठरा" हे वाक्य खोटं ठरतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारसायकलच्या सुट्या भागांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, ट्रॅक्टरच्या भागांवरचा १८ वरून ५ वर. गॅरेजातल्या दराच्या पाटीवर याचा काही परिणाम झाला का, असं विचारू नका. पाटीच नाही.

त्याच्याही पुढची गोष्ट. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' कशाला म्हणायचं याची यादी आहे. त्या यादीत विकलेल्या मालाचं किंवा दिलेल्या सेवेचं बिल, कॅश मेमो किंवा पावती न देणं हे स्वतंत्रपणे घातलेलं आहे. काम अर्धवट केलं की पुरतं केलं हा वाद नंतरचा. पावती दिली नाही इथेच दुकानदार चुकला. इतकं सोपं हत्यार संसदेनं हातात दिलं आणि आपण ते अठरा टक्क्यांच्या भीतीनं गल्ल्यावर ठेवून येतो.

मिस्त्रीला बोल लावून झाल्यावर थोडं गिऱ्हाइकाकडे वळू, कारण तोही काही कमी नाही. लग्नाला निघायच्या आदल्या संध्याकाळी सात वाजता गाडी आणून "सकाळी पाचला हवी" म्हणणारा तोच. चेन-स्प्रॉकेटचा सेट बदलायला सांगितला की "अभी चेन-चेन डाल दो, स्प्रॉकेट अगले महीने" म्हणणारा तोच. नवी चेन जुन्या, झिजलेल्या दात्यांवर घातली की महिन्याभरात ती ताणली जाते आणि मग "तुमने डुप्लिकेट डाला" हे ओरडायला पुन्हा तोच येतो. इंदूरच्या बाजारातून स्वतः स्वस्तातला पार्ट घेऊन यायचा, मिस्त्रीला नुसती मजुरी द्यायची, तीही घासाघीस करून, आणि पार्ट फुटला की हमी मात्र मिस्त्रीनं द्यायची. कित्येक भांडणांत मिस्त्रीचं काम अर्धं असतं, कारण गिऱ्हाइकानं पैसे अर्ध्याच कामाचे मोजलेले असतात. पण हेही कुठे लिहिलेलं नसतं. 'ग्राहकाने स्प्रॉकेट बदलण्यास नकार दिला' एवढी एक ओळ त्याच्या सहीसकट घेतली असती तर मिस्त्री वाचला असता. वही उघडली तर आहे, पेन कानावर आहे, पण ती ओळ लिहायची कुणाला सुचत नाही, कारण त्या ओळीपुढे आकडा येत नाही.

ओरिजिनल-डुप्लिकेटचा हा घोळ एकट्या गल्लीचा नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा कार कंपन्यांना मिळून २,५०० कोटींच्या वर दंड ठोठावला होता. आरोप असा, की अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती त्या खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, म्हणजे गाडी घेऊन झक मारत त्यांच्याच वर्कशॉपला यावं लागतं. पुढे अपिलं झाली, ती एक वेगळी कथा. केंद्र सरकारनं २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'दुरुस्तीचा हक्क' नावाचं पोर्टलही काढलं. त्यात वाहनं आहेत आणि शेतीची अवजारंही. हक्क छान आहे. त्या हक्कानं देपालपूरच्या गॅरेजात जाऊन टायमिंग चेन मागितली तर समोरून "कंपनी का है" असं म्हणत जे येतं, त्याच्या खोक्यावर कंपनीच्या नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे असतं.

कुणी म्हणेल, छोट्या दुकानाचं हे असंच. मोठ्या कंपनीकडे जा, जॉब कार्ड असतं, ॲप असतं, 'युवर व्हेइकल इज रेडी'चा मेसेज असतो. जाऊन बघू. एप्रिल २०२२ मध्ये बीड जिल्ह्यातल्या परळी वैजनाथमध्ये एका गृहस्थानं आपली ओलाची इलेक्ट्रिक स्कूटर गाढवाला जुंपली आणि गावातून तिची वरात काढली, कंपनीवर विश्वास ठेवू नका असे फलक लावून. नवी कोरी स्कूटर काही दिवसांतच बंद पडली होती आणि ती सुरू काही होत नव्हती. तक्रार निवारणाचे सगळे अर्ज-विनंत्या एकीकडे आणि ते गाढव एकीकडे. देशभर बातमी झाली ती गाढवामुळे. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, सोलापूरहून फार लांब नसलेल्या कलबुर्गीत एका सव्वीस वर्षांच्या तरुणानं त्याच कंपनीच्या शोरूमला आग लावली. नुकतीच घेतलेली स्कूटर वारंवार नेऊनही धड होईना म्हणून. तो स्वतः पेशानं मेकॅनिक होता. आणि इलेक्ट्रिक गाड्यांची ती शोरूम त्यानं पेटवली पेट्रोल ओतून. त्याला अटक झाली, हे योग्यच. पण दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करून पोट भरणाऱ्याला आपली गाडी दुरुस्त करून घेता आली नाही, यापुढे सदर लिहिणाऱ्यानं आणखी काय तिरकं लिहायचं?

त्यानंतर महिन्याभरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ओलाला कारणे दाखवा नोटीस काढली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर वर्षभरात या एका कंपनीविरुद्ध १०,६४४ तक्रारी साचल्या होत्या. कंपनीनं उत्तर दिलं, ९९.१ टक्के तक्रारी सोडवल्या. हे उत्तर वाचून देपालपूरच्या कुठल्याही मिस्त्रीचा ऊर भरून येईल. तो "हो गया भिया" म्हणतो, त्याला दशांश चिन्ह लावता येत नाही, एवढाच काय तो फरक. प्राधिकरणानं पुढे चौकशीचे आदेश दिले, म्हणजे त्यांनाही बहुधा छोटा आवाज ऐकू येत असावा.

देपालपूर तहसिलीतच गौतमपुरा आहे, मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावाचं गाव. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिथे हिंगोट युद्ध होतं. गौतमपुऱ्याचा तुर्रा आणि रुणजीचा कलंगी असे दोन गट समोरासमोर उभे राहतात आणि हिंगोटाच्या पोकळ फळात दारू भरून, पेटवून एकमेकांवर फेकतात. भाजतं, लागतं, कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. गॅरेजातलं भांडण त्याच जातीचं. पण तिथल्या प्रत्येक लढवय्याच्या हातात ढाल असते. आपण गॅरेजात उतरतो ते हात हलवत, ना जॉब कार्ड, ना पावती, ना काढलेला जुना पार्ट. आणि समोरच्याकडे काय असतं? आपली गाडी.

त्या गाडीवरून आठवलं. वाद चिघळला की मिस्त्रीचं शेवटचं अस्त्र ठरलेलं: "पहले पैसे, फिर चाबी." यात त्याचं पूर्ण चुकतंय असं नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातलं कलम १७० सांगतं, की कष्ट किंवा कौशल्य लावून ज्यानं वस्तूवर काम केलं, त्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. उदाहरण दिलंय सराफाचं. कच्चा हिरा पैलू पाडायला दिला, त्यानं पाडून दिले, आता पैसे मिळेपर्यंत हिरा त्याच्याकडे. यात 'पाडून दिले' हे महत्त्वाचं. ज्या कामासाठी वस्तू दिली ते काम झालं तरच अडवण्याचा हक्क. अर्धे पैलू पाडून हिरा अडवता येत नाही, आणि अर्धा क्लच खोलून स्प्लेंडरही नाही.

पुढचं कलम, १७१, तर खासच आहे. जुन्या, दुसऱ्याच कुठल्या बाकीसाठी आजची वस्तू अडवून धरण्याचा हक्क वेगळा करार नसेल तर फक्त मोजक्या मंडळींना आहे. बँकवाले, आडते, गोदीवाले, हायकोर्टातले वकील आणि विम्याचे दलाल. मिस्त्री त्या यादीत नाही. चुलत भावाच्या ट्रॅक्टरची गेल्या रब्बीतली उधारी राहिली म्हणून तुमची बाइक ठेवून घेणं कायद्यात बसत नाही. इंग्रजानं दीडशे वर्षांपूर्वी वकिलाला दिलेला हक्क मिस्त्रीला का दिला नाही, याचं उत्तर सोपं आहे: कायदा वकिलांनी लिहिला.

त्याच प्रकरणात एक घोडा पण आहे. कलम १५४. एकानं दुसऱ्याला घोडा दिला, फक्त स्वतः बसायला. त्यानं घरातल्या तिसऱ्याला बसवलं. तिसऱ्यानं सांभाळून चालवला, तरी घोडा पडला आणि जखमी झाला. भरपाई द्यायची ती ज्यानं घोडा घेतला त्यानं. दुरुस्तीला टाकलेल्या गाडीवर 'ट्रायल' घ्यायला म्हणून गॅरेजातला पोरगा बनेडियाच्या तळ्यापर्यंत जाऊन येतो, मागे मित्र बसवतो आणि येताना टाकीतलं पेट्रोल उतरलेलं असतं. त्या पोरासाठीच जणू हे कलम लिहिलंय. ट्रायल गल्लीच्या टोकापर्यंत समजू शकतो. चटणी-समोसा खाऊन येणं हे ट्रायलमध्ये बसत नाही.

आणि समजा, ब्रेक अर्धवट बसवलेल्या त्या गाडीवर तुम्हाला पोलिसानं अडवलं. मोटार वाहन कायद्याचं कलम १९० बघा. ज्याला दोष माहीत होता किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, अशा सदोष गाडीनं रस्त्यावर येणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दीड हजार रुपयांपर्यंत दंड. दंड चालवणाऱ्याला. ज्यानं काल रात्री "ब्रेक टाइट कर दिया" म्हणून पैसे घेतले, तो या कलमात नाही. गाडी चालवायला लायसन्स लागतं, शिकाऊ असाल तर 'एल'ची पाटी लागते; दुसऱ्याच्या गाडीचे ब्रेक खोलायला मात्र काही लागत नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तो केलेलं पोर बहुधा पीथमपूरच्या कारखान्यात लागतं. गल्लीत राहतो तो ज्यानं दहा वर्षं पाना उचलून देता देता विद्या मिळवली. त्या विद्येला मी नावं ठेवत नाही. त्यातले काही असे आहेत की कंपनीनं मोडीत काढलेलं इंजिन धडधडवून दाखवतात. पण त्यांचंही लेखी काही नाही, ना पदवी, ना पावती.

मोटारसायकलच्या भांडणात जीव तेवढा जळतो. ट्रॅक्टरच्या भांडणात हंगाम जळतो. सप्टेंबर सरता सरता सोयाबीन निघतं, आणि मग गहू, बटाटा, लसूण यांच्यासाठी जमीन तयार करायची घाई. नेमका त्याच आठवड्यात ट्रॅक्टरचं हायड्रोलिक उचलायचं बंद होतं. वर्कशॉपवाला खोलतो. खोलणं झटपट होतं, नेहमीच होतं. मग पार्ट इंदूरहून यायचा असतो. पार्ट इंदूरला नसतो, म्हणून तो आणखी कुठून तरी यायचा असतो. तोवर ट्रॅक्टर लाकडाच्या ठोकळ्यांवर, मागची चाकं बाजूला, पोट उघडं. शेजारच्याचा ट्रॅक्टर तासावर भाड्यानं लावावा लागतो, त्याचंही शेत बाकी असल्यामुळे तो रात्री मिळतो. आणि एवढं होऊन दुरुस्त झालेलं हायड्रोलिक उचलतं खरं, पण नांगर वर धरून ठेवत नाही. बांधावर वळेपर्यंत हळूहळू खाली बसतं.

"उठ तो रहा है ना?"

"उठतंय. टिकत नाही."

"वो लोड पे बैठेगा थोड़ा."

बिना लोडचा नांगर कुणाच्या शेतात चालतो, हे विचारायला शेतकऱ्याकडे वेळ नसतो. पेरणी उलटत असते. याच घाईवर वर्कशॉपचा हिशोब बसलेला असतो: भांडायला येईल तो फुरसतीत, म्हणजे उन्हाळ्यात, आणि तोवर दोघंही विसरलेले असतील. आलाच कुणी ग्राहक आयोगापर्यंत, तर समोरचा वकील उठून म्हणतो, ट्रॅक्टर 'व्यापारी कारणासाठी' आहे, हा ग्राहकच नव्हे. या युक्तिवादाला सर्वोच्च न्यायालयानं १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालातच चाप लावला आहे. स्वतःच्या कष्टानं, स्वतःचं पोट भरण्यासाठी जो वस्तू वापरतो, तो ग्राहकच. स्वतः रिक्षा चालवणारा त्यात आला, स्वतःचं रान नांगरणाराही आला. दहा ट्रॅक्टर भाड्यानं फिरवणारा कदाचित नाही येणार, पण त्याच्याशी भांडायची वर्कशॉपची हिंमतही नसते.

आयोग इंदूरला. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी शून्य. मुदत दोन वर्षं. नव्या कायद्यानं एक चांगलं केलं: तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही जाता येतं. पुण्यात नोकरी करताना तिथल्या गॅरेजनं पैसे घेऊन काम अर्धं टाकलं आणि पोरगा देपालपूरला घरी परत आला, तरी त्या पुणेकर गॅरेजला इंदूरची तारीख पडू शकते. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी सुरू केली. त्यांच्या गावच्या गॅरेजवाल्यानं इंदूरच्या सराफ्यातली जिलबी खाऊन तारखेला हजर राहावं, हे मला तरी न्यायाला धरून वाटतं. निकाल कागदावर तीन महिन्यांत, वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत. प्रत्यक्षात किती, हे ज्यानं तारखा केल्या त्याला विचारा आणि विचारताना त्याच्यापासून थोडं लांब उभे राहा.

खरी अडचण तारखांची नाहीच. आयोग पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न साधा असतो: काय काम करायचं ठरलं होतं? आणि तिथे आपला आवाज बसतो. 'सर्व्हिसिंग'. म्हणजे काय? 'सगळं बघायला सांगितलं होतं.' त्यानं बघितलं, असं तो म्हणतो. बघितलं नाही हे सिद्ध कसं करणार? जुना पार्ट कुठे आहे? तो भंगारात गेला, आणि भंगाराचे पैसेही त्यालाच मिळाले. दोष गाडीतच होता की दुरुस्तीत, हे सांगणारा तज्ज्ञाचा अहवाल कुठे? तज्ज्ञ म्हणजे दुसरा मिस्त्री. आणि तो कॅमेऱ्यासमोर पहिल्याला शिव्या देईल, पण कागदावर सही देणार नाही. उद्या पार्ट उसना लागला तर पहिल्याकडेच जायचंय त्याला.

म्हणून जाणते लोक हल्ली एक करतात. गाडी टाकतानाच दुकानासमोर, नंबर दिसेल असा फोटो, किलोमीटरच्या आकड्याचा दुसरा, आणि मिस्त्रीच्याच व्हॉट्सॲपवर चार ओळी: पुढचे ब्रेक शू नवे, चेन-स्प्रॉकेट सेट नवा, ऑइल सीलबंद डब्यातलं, जुने पार्ट पिशवीत परत, एकूण इतके रुपये, शुक्रवारी संध्याकाळी. पैसे यूपीआयनं, गाडीचा नंबर टाकून. शुक्रवारी गाडी तयार नसेल तर पुन्हा एक ओळ, शिवी न घालता. आणि नाहीच ऐकलं तर १९१५ हा हेल्पलाइनचा नंबर. त्याचा नुसता उच्चार केला तरी काही दुकानांत खुर्ची पुसून पुढे सरकवली जाते.

या मेसेजला मिस्त्री उत्तर म्हणून वाक्य पाठवत नाही. अंगठा पाठवतो. अंगठा लावणं म्हणजे फसणं, हे आपल्या शेतकऱ्याला सावकारानं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं. आता अंगठा दुसऱ्या बाजूनं येतोय. २०२१ मध्ये कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतात धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीनं एका शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो मोबाईलवर पाठवला. त्यानं खाली अंगठ्याचं चित्र टाकलं. पुढे माल दिला नाही, भाव चढले होते. 'करार मिळाला एवढंच मला म्हणायचं होतं,' असं त्यानं कोर्टात सांगितलं. २०२३ मध्ये कोर्ट म्हणालं, अंगठा म्हणजे होकार, आणि ८२,००० डॉलरच्या वर भरपाई त्याच्या गळ्यात पडली.

सास्काचेवानचा निकाल इंदूरच्या आयोगावर बंधनकारक नाही, हे उघड आहे. पण चार ओळी आणि त्याखाली मिस्त्रीचा पिवळा अंगठा, ही चीज तुमच्या फोनमध्ये असली, तर 'काय ठरलं होतं' या प्रश्नावर निदान तुम्ही खिशात हात घालू शकता. बघा पाठवून. उत्तर आलं नाही, नुसत्या निळ्या टिका आल्या, तर गाडी पुढच्या गल्लीतल्या मिस्त्रीकडे न्या. नेण्याआधी साइड पॅनेलचा स्क्रू तेवढा मागून घ्या. मागच्या सर्व्हिसिंगपासून तो त्याच्याच डब्यात आहे.